साडीगार्ड

एकदा एक वस्ताद होते. वस्ताद म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तांबडी माती आणि पिळदार दंड येतात. हे वस्ताद तसले नव्हते. अंगाने काटकुळे, गुडघ्यांत किंचित वाकलेले, आणि बोटांच्या पेरांत ग्रीस कायमचे मुरलेले. त्यांची तालीम मोटारसायकलींची होती. गावोगावच्या जत्रांत दोरखंडाचे रिंगण आखून ते आणि त्यांचे शिष्य गाड्यांचे खेळ करीत. नाव दस्तगीर, मूळचे मिरजेकडचे. पण त्या नावाने त्यांना कुणी हाक मारल्याचे मी ऐकलेले नाही. लहानथोर सगळे त्यांना वस्तादच म्हणत.

हा खेळ वेगाचा नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर तुम्ही लगेच धूळ उडवत किंचाळणारी पोरे डोळ्यांसमोर आणाल आणि माझी गोष्ट बिघडवाल. वस्तादांचा खेळ हळू जाण्याचा होता. डांबराची रिकामी पिंपे ओळीने मांडायची, त्यांवर फळ्या, फळ्यांच्या टोकाला ओंडका, ओंडक्याच्या पुढे जीप. या सगळ्यांवरून गाडी एकेक वीत चढवत न्यायची, आणि जीपच्या टपावर पोचल्यावर इंजिन चालू ठेवून, पाय न टेकता, एका जागी उभे राहायचे. पाळणेवाले, फुगेवाले, भेळवाले सगळे त्या क्षणी गप्प होत. पाय टेकला की खेळ संपला, मग माणूस कितीही उंच चढलेला असो. त्यांच्या मंडळींत शिवीचे कुणाला काही वाटत नसे. पण ‘अमक्याने पाय टेकला’ एवढे कुणी म्हटले, तर तो गडी त्या दिवशी जेवत नसे.

अशा खेळाची तयार गाडी आपल्याकडच्या दुकानात मिळत नाही. वस्ताद जुन्या बाजारात जात आणि स्वतः निवडत. त्यांची निवडण्याची रीत पाहून बाजारातले लोक हसत. रंग पाहायचा नाही, कोणत्या सालची ते विचारायचे नाही. गाडी चढावर न्यायची, पहिल्या गिअरमध्ये टाकायची आणि क्लच अर्धवट दाबून ती किती सावकाश चढते ते पाहायचे. मधेच गचके खाऊन बंद पडली तर परत द्यायची. मुंगीच्या चालीने, न गुदमरता वर गेली, की वस्ताद तिच्या टाकीवर थाप मारीत. ‘पळणारी गाडी कुणीबी निवडंल,’ ते म्हणत, ‘आपल्याला थांबणारी पायजे.’

मग त्या गाडीवर काम सुरू होई. मागचे चेनचे चक्र मोठे घालायचे, म्हणजे वेग मरतो आणि जोर वाढतो. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटच्या चकतीला वजन द्यायचे, म्हणजे इंजिन हळू फिरतानाही श्वास सोडत नाही. चाकांतली हवा निम्म्याहून कमी करायची, म्हणजे रबर दगडाला बिलगते. सायलेन्सर वर उचलायचा, हँडल रुंद करायचे, पायाचे दांडे मागे सरकवायचे. दिवा काढायचा, मोठी टाकी काढून मोपेडची चिमुकली टाकी बसवायची. आणि सीट तर पहिल्याच दिवशी काढून टाकायची, कारण या खेळात स्वार बसतच नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत तो पायांवर उभा असतो. ‘जे खेळाला लागत नाही ते काढ,’ हा वस्तादांचा मंत्र होता. हलकेपणा हीच त्या गाडीची सिद्धी.

असे हे अपरिग्रही वस्ताद. पण त्यांच्या स्वतःच्या गाडीवर एक विलक्षण वस्तू होती. मागच्या चाकाच्या डाव्या बाजूला साडीगार्ड! आपल्याकडे मागे एका बाजूने बसणाऱ्या बाईचा पदर चाकात जाऊ नये म्हणून जी लोखंडी जाळी लावतात, ती. आणि तिच्याखाली बाईमाणसाने पाय ठेवायची पट्टी. गाडीला सीट नाही, दिवा नाही, नंबराची पाटी नाही, आणि साडीगार्ड मात्र आहे. तेही रोज पुसून लख्ख केलेले. जत्रेतली टवाळ पोरे ओरडत, ‘वस्ताद, पदर सांभाळा!’ वस्ताद हसून हात करीत. शिष्यांपैकी एकाने एकदा ते काढायला पाना लावला होता, तेव्हा वस्तादांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणावर तरी हात उगारला. त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही.

या शिष्यांत आनंदा नावाचा एक होता. आजऱ्याकडचा, जंगलाच्या कडेच्या एका खेड्यातला. आईबाप लवकर गेले. वाढवले ते थोरल्या बहिणीने. तिला तो आक्का म्हणे. आक्काने लग्न केले नाही. धाकटा आपल्या पायांवर उभा राहिला की मग बघू, असे म्हणता म्हणता बघायचे राहून गेले. म्हशी पाळल्या, दूध घातले, भावाला मोठे केले. आनंदाला लहानपणापासून गाड्यांचा नाद. गावात कुणाची फटफटी आली की हा जेवणावरून उठून धावत सुटे. तेव्हा आक्का म्हणायची, ‘आन्द्या, तुजी गाडी झाली की मला मागं बसवून आंबोलीला न्हे. तितनं म्हणं समिंदर दिसतो. मी काय अजून बगितला न्हाई.’ आनंदा छाती फुगवून म्हणे, ‘नेतो की!’ 

मोठा झाल्यावर त्याने वस्तादांचा खेळ पाहिला आणि वेडाच झाला. भावकीने नावे ठेवली. सरळमार्गी पोरगा जत्रेत माकडचेष्टा करणार, म्हणाले. आक्काने भाकऱ्या बांधून दिल्या. आनंदा वेशीपर्यंत गेला आणि वळून मोठ्याने, भावकीला ऐकू जाईल असे म्हणाला, ‘आता अशी गाडी करतो की तालुका बघत राहील. ती झाल्याबिगर गावात पाय टेकणार नाही!’ तरुणपणी माणूस अशी वाक्ये बोलतो. बोलून झाल्यावर ती विसरायची सोय हवी. आनंदाकडे ती नव्हती.

तो शिकला, आणि उत्तम शिकला. वस्तादांच्या हाताखाली त्याच्याइतका हळू कुणीही गाडी चालवत नव्हता, आणि यापेक्षा मोठी स्तुती त्या धंद्यात नाही. मग त्याने जुन्या बाजारातून स्वतःची गाडी निवडली आणि तिच्यावर काम करू लागला. काम संपेना. टाकी लहान केली, ती आणखी लहान करता येईल असे वाटले. चौकट कापून पुन्हा जोडली. लोखंडी पट्ट्या काढून ॲल्युमिनियमच्या घातल्या. नटबोल्टांना भोके पाडून त्यांचेही वजन काढले. पावसाळ्यात खेळ बंद असले की इतर शिष्य घरी जात. आनंदा मात्र तालमीच्या पत्र्याखाली कानस चालवत बसे. खेळाची गाडी केव्हाच झाली होती. पण त्याला वाटे, अजून नाही. आक्कापुढे न्यायची गाडी आहे, तीत उणे राहता कामा नये.

त्याला गावाची आठवण येत नव्हती असे नव्हे. उलट, इतकी येई की ती त्याला सोसत नसे. शेणाने सारवलेले अंगण, म्हशीच्या गळ्यातली घंटा, आक्काचा चुलीपुढचा खोकला. कानस चालवता चालवता तो मधेच थांबे आणि पश्चिमेकडे पाहत राही. मग पुन्हा कानस सुरू होई. माणसाची ओढ फार दाटून आली की ती हाताला काम लावते, आणि कामाला लागलेल्या माणसाला वाटते की आपण त्या माणसाच्या दिशेनेच चाललो आहोत. हे मी आनंदापुरते बोलत नाही, हे तुम्ही ओळखलेच असेल.

त्या जत्रांतून बांगड्यांची पेटी घेऊन फिरणारा एक कासार होता. त्याची फेरी आनंदाच्या गावावरूनही जाई. दर हंगामाला तो आनंदाला गाठून सांगे, ‘आक्का इचारत हुती, कवा येतोस म्हणून.’

‘सांगा, गाडी झाली की येतो. थोडंच काम ऱ्हायलंय.’

कासार मान डोलावून जाई आणि पुढच्या हंगामाला तोच प्रश्न घेऊन येई. आनंदाचे उत्तरही तेच असे. वस्ताद बाजूला बसून चेनला तेल देत हे ऐकत. एकदोनदा त्यांनी तोंड उघडले होते, ‘आनंदा, जाऊन ये रं,’ एवढे म्हणाले होते; पण आनंदाने ‘हे चक्र तेवढं बसवतो, वस्ताद’ म्हटल्यावर त्यांनी पुढे बोलणे वाढवले नव्हते.

अशीच वर्षे गेली आणि एका साली वस्तादांच्या खेळाला आजऱ्याकडचेच बोलावणे आले. जत्रेचे मैदान आनंदाच्या गावापासून हाकेच्या अंतरावर म्हणावे इतके जवळ. आनंदाच्या अंगात वीज खेळली. त्याने ठरवले की जीपवर थांबायचे नाही, यंदा ट्रक. बॉनेटवरून काचेच्या पट्टीवर, तिथून केबिनच्या टपावर, आणि टपाच्या अगदी कडेला, पुढचे चाक अधांतरी ठेवून उभे राहायचे. वस्तादांनी जवानीत ते केले होते असे जुने लोक सांगत. नंतर कुणाची हिंमत झाली नव्हती. सरावात आनंदाने ते साधले. गावोगाव हँडबिले वाटली गेली. भिंतींवर त्याचे नाव लागले. भावकी येणार होती, तालुका येणार होता, आणि पहिल्या ओळीत खुर्ची टाकून आक्काला बसवायचे होते.

तळ पडला त्या दिवशी कासार आला. या खेपेला त्याने पेटी खाली ठेवली नाही.

‘आक्काला सांगितलं का? खेळाला यायचं म्हणून?’ आनंदाने विचारले.

‘सांगितलं,’ कासार म्हणाला. ‘खूश झाली. पर आन्दा, ती येती कशी? तिचं गुडघं गेल्यात. येशीपतूर चालत न्हाई आता. डोळ्यांवरबी पडदा आलाय, लांबचं दिसत न्हाई. म्हणाली, त्याला म्हणावं खेळ चांगला कर. मी हितनं आवाज ऐकीन.’

आनंदा म्हणाला, ‘बैलगाडी धाडतो. उचलून आणू. खुर्ची अगदी ट्रकला लागून टाकू, म्हणजे दिसंल.’ आणि तो ट्रक कुठे लावायचा ते पाहायला निघून गेला. कासाराने वस्तादांकडे पाहिले. वस्तादांनी हातातले तेलाचे डबडे खाली ठेवले.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे खेळाच्या दिवशी, सकाळी आनंदा रात्रभर मैदानावर फळ्या जोडून परत आला आणि जागच्या जागी थिजला. त्याची गाडी तंबूपुढे उभी होती. पण ती त्याची राहिली नव्हती. मागचे मोठे चक्र जमिनीवर पडले होते आणि त्या जागी रस्त्यावरच्या गाडीचे लहान चक्र बसले होते. मोपेडच्या टाकीच्या जागी एक जुनी भली मोठी टाकी. पुढे दिवा. चाकांत हवा टचटचीत भरलेली. आणि ज्या चौकटीवरून त्याने वर्षानुवर्षे चिमूटचिमूट वजन उतरवले होते, तिच्यावर एक लांबलचक, जाडजूड, दोन माणसांची सीट बांधलेली! वस्ताद उकिडवे बसून मागच्या चाकापाशी पाना फिरवत होते. ते काय बसवत आहेत हे पाहिल्यावर आनंदाला आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. ते स्वतःच्या गाडीचे साडीगार्ड होते.

‘वस्ताद!’ आनंदाचा आवाज फाटला. ‘हे काय केलंसा? संध्याकाळी ट्रक हाय! ही गाडी आता पिंपावरबी चढायची न्हाई!’

‘न्हाईच चढणार,’ वस्ताद म्हणाले. त्यांनी पाना फिरवणे थांबवले नाही.

‘माझी एवढ्या वर्षांची मेहनत... तुमच्या जागी दुसरा कोण असता तर...’

‘दुसरा कोण असता तर तू त्याला मारला असतास. मला मार. पर आधी हा बोल्ट आवळू दे.’

आनंदा खाली बसला. त्याने दोन्ही हातांनी डोके धरले. तो रडत होता की रागाने थरथरत होता ते शेजारच्या शिष्यांना कळेना, म्हणून ते हळूच पांगले. वस्तादांनी बोल्ट आवळला, जाळी हलवून पाहिली, फडक्याने हात पुसले आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसले.

‘आनंदा, जे खेळाला लागत न्हाई ते काढ, असं मी तुला शिकवलं. ते रिंगणापुरतं हुतं. तू रिंगणाच्या बाहेरबी तेच केलंस, आणि मी गप बसलो. आता सांग, आक्कानं तुझ्यापाशी काय मागितलं हुतं? ट्रकाच्या टपावर तू एकटा उभा ऱ्हायलेला बघायचं, असं मागितलं हुतं?’

‘तुझ्या मागं बसायचं म्हणाली हुती. एवढी वर्षं तू तिच्यासाठी गाडी करतोयस, लेका, आणि तिच्यावर तिला बसायला जागाच न्हाई.’

मैदानात पाळणा जोडणारे लोक एकमेकांना हाका मारत होते. वस्तादांनी साडीगार्डाच्या जाळीवर बोट फिरवले आणि मग ते जे बोलले ते इतक्या हलक्या आवाजात की आनंदाला पुढे सरकावे लागले.

‘आमची हलीमा मिरजेची. दरसाल म्हणायची, एकदा मला तुमच्या मागं बसवून माहेरच्या उरुसाला न्या. मी म्हणायचो, खुळे, माझ्या गाडीला सीट कुठं हाय? ती हसायची. खेळ मोठा हुता, नाव झालं हुतं, मला वाटायचं पुढच्या साली नेऊ. हे साडीगार्ड मी ती गेल्यावर बसवलं. बसवलं तवा पदर अडकायला बाई ऱ्हायली न्हवती. जाळी पुसून माणूस परत येत असतं व्हय? ऊठ. अजून तुझ्या आक्काच्या अंगावर पदर हाय.’

एवढे बोलून वस्ताद उठले आणि आनंदाच्या हातात किल्ली ठेवून पिंपे मोजायला गेले. पिंपे मोजायची काहीच गरज नव्हती.

आनंदा किती वेळ बसून होता हे मला माहीत नाही. पण ऊन चढायच्या आत तो गावच्या वाटेला लागला होता. कितीतरी वर्षांनी तो गाडीवर बसला होता, आणि बसून गाडी चालवणे त्याला इतके अनोळखी वाटत होते की वाटेत दोनदा तो सवयीने उभा राहिला. वेस आली. पण तिथे त्याचा शब्द आठवणारे कुणी उभे नव्हते. ज्यांच्यासाठी तो शब्द उच्चारला होता ती भावकी आपापल्या शेतांत होती.

अंगणात आक्का वाकळेवर बसून शेंगा फोडत होती. फटफटीच्या आवाजाने तिने मान वर केली आणि डोळ्यांवर हात धरला. आनंदा तिच्यासमोर येऊन थांबला. आणि सवय अशी वाईट, की थांबल्यावरही त्याने पाय खाली ठेवले नाहीत. गाडी तोलून धरून, दांड्यांवर उभा राहून, तो नुसता तिच्याकडे पाहत राहिला.

आक्काने आवाजावरून नाही, त्या गप्प राहण्यावरून ओळखले.

‘पाय टेक की रं मुडद्या,’ ती म्हणाली. ‘पडशील!’

आनंदाने पाय टेकले. 

मग जे झाले ते सांगायला मी कमी पडेन, आणि ज्यांच्या घरी असे झाले आहे त्यांना सांगायची गरज नाही. चहा झाला. ‘आक्का, चल. आंबोलीला,’ आनंदा म्हणाला. ‘आत्ता? आन् तुजा खेळ?’ ‘खेळ रद्द.’ आक्काने त्याच्या तोंडाकडे पाहिले आणि शेजारणीला हाक मारून कपाटातले ठेवणीतले लुगडे काढायला सांगितले. दोघांनी तिला उचलून सीटवर एका अंगाने बसवले. तिने पाय पट्टीवर ठेवले, पदर जाळीवरून खाली सोडला, आणि आनंदाचा खांदा घट्ट धरला.

खेळात आनंदा आपल्या खांद्यांना कुणाला हात लावू देत नसे. तोल सगळा तिथे असतो. आज तिथे आक्काचा हात होता, आणि त्याला कळले की त्या हाताच्या भारानेही गाडी तोलता येते. रस्ता खडबडीत, वळणांचा. त्याने आयुष्यभर कमावलेला सगळा हळूपणा त्या रस्त्यावर खर्च केला. एकही गचका बसू दिला नाही. वाटेतल्या म्हशींनी त्यांना मागे टाकले तेव्हा आक्का म्हणाली, ‘आन्द्या, ही गाडी हाय का बैलगाडी? तालुका म्हणं तुला बगाय येतो?’

आंबोलीच्या कड्यावर त्याने तिला पाठुंगळी घेऊन कठड्यापर्यंत नेले आणि तिथे बसवले. ही गोष्ट सांगितली की लोक मला हमखास विचारतात, की समुद्र दिसला का. सांगतो. त्या दिवशी हवा बरीच स्वच्छ होती. फार दूर, डोंगरांच्या पलीकडे, एक बारीक रुपेरी रेघ होती. आनंदाने आक्काची मान दोन्ही हातांनी धरून त्या दिशेला वळवली. तिने डोळे बारीक करून खूप वेळ पाहिले. तिला दिसले की नाही ते तिलाच ठाऊक.

‘एवढुसाच हाय व्हय?’ ती म्हणाली, आणि खुदकन हसली. तिचा हात त्याच्या खांद्यावरच होता. ‘चल,’ ती शेवटी म्हणाली, ‘म्हशीची वेळ झाली.’

इकडे जत्रेच्या मैदानात संध्याकाळी ही गर्दी लोटली होती. वस्ताद रिंगणात गेले आणि हात जोडून म्हणाले, ‘मंडळी, आज ट्रक चढणार न्हाई. जो चढणार हुता तो बहिणीला घेऊन आंबोलीला गेलाय.’ लोकांनी शिट्ट्या मारल्या. त्या रागाच्या होत्या की कौतुकाच्या, याबद्दल अजून दोन मते आहेत. मग वस्तादांनी आपली जुनी गाडी काढली आणि वाकलेल्या गुडघ्यांनी ती जीपच्या टपावर नेली. चाकाच्या डाव्या बाजूला साडीगार्ड नव्हते. टवाळ पोरांना ओरडायला काही सापडले नाही.

आनंदा तालमीत परतला तो पावसाळा उलटल्यावर. तोवर त्याने घर शाकारले, आक्काच्या डोळ्यांचे ऑपरेशन करून आणले, भावकीशी दोन भांडणे केली आणि मिटवली. गाडीवर सीट तशीच होती, दिवा तसाच होता. वस्ताद पत्र्याखाली चेनला तेल देत बसले होते.

‘आलास?’ ते म्हणाले. ‘सीट काढ आता. दसऱ्यानंतर खेळ हाईत.’

‘काढतो की. पर आज न्हाई.’ आनंदाने गाडी स्टँडवरून उतरवली आणि त्यांच्यापुढे आणून उभी केली. ‘वस्ताद, बसा.’

‘कुठं?’

‘मागं. मिरजेला जायचंय.’

वस्तादांच्या हातातले तेलाचे डबडे कलंडले. ते सावरायचेही त्यांना भान राहिले नाही. ‘खुळा हाईस का? मी जन्मात कुणाच्या मागं बसलो न्हाई. आणि उरूस केव्हाच झाला.’

‘मीबी पाय टेकला न्हवता,’ आनंदा म्हणाला. ‘हलीमाभाभींच्या माहेरची वाट तर हाय न्हवं?’

म्हाताऱ्याने त्या सीटकडे पाहिले. मग खांद्यावरचे फडके घेऊन त्याने उगीचच सीट पुसली, अवघडत पाय टाकला आणि बसला. बसल्यावर डावा हात खाली नेऊन त्याने एकदा जाळी चाचपली. दुसरा हात कुठे ठेवायचा ते त्याला कळेना. म्हणून आनंदाने मागे न पाहता तो धरला आणि आपल्या खांद्यावर ठेवून घेतला.

गाडी मिरजेच्या रस्त्याला लागली. आनंदा अगदी सावकाश चालवत होता, आणि वस्तादांनी त्याला एकदाही टोकले नाही.

वाचकहो, आपण ज्याच्यासाठी रात्रंदिवस झिजतो आहोत म्हणतो, त्याला आपल्या गाडीवर बसायला जागा ठेवली आहे की नाही, एवढे एकदा मागे वळून पाहावे.